दुरुस्तीला गुण किती?

(एक माजी विद्यार्थी, अकोटा, वडोदरा)

घर बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर जाते. दर मृगाआधी छपरावर चढून फुटकी कौले बदलणाऱ्याचे नाव घरमालकालाही पुष्कळदा ठाऊक नसते. हा पक्षपात घरांपुरता असता तर त्यावर एखादा ललित लेख लिहून भागले असते. परंतु आपल्या महाविद्यालयातील बरीच मुलेमुली आज ज्या संगणक-क्षेत्रात पोटापाण्यासाठी जात आहेत, तेथेही हाच पक्षपात आहे, आणि तो आपण शिक्षणातूनच त्यांच्या अंगी बाणवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. गेली अनेक वर्षे मी वडोद्यास अकोटा भागात राहून संकेतस्थळे बांधण्याचे, आणि त्याहून अधिक म्हणजे दुसऱ्यांनी बांधलेली संकेतस्थळे सांभाळण्याचे काम करीत आहे. त्या अनुभवावरून चार शब्द लिहितो. त्यांतील काही विधाने प्राध्यापक मंडळींना रुचणार नाहीत. माजी विद्यार्थ्याचा हक्क म्हणून ती त्यांनी सोसून घ्यावीत.

प्रथम दोन संज्ञा. कला शाखेचे वाचक येथेच पान उलटतील अशी भीती आहे, म्हणून छापखान्याचा दाखला घेतो. खिळ्यांच्या काळात लेखकाने मजकूर द्यायचा, कंपोझिटरने तो केसमधील खिळ्यांनी जुळवायचा, आणि यंत्रावर फर्मा चढवून तो छापायचा. लेखकाला यंत्राचे ज्ञान नसे आणि यंत्र चालवणाऱ्याला लेखाशी कर्तव्य नसे. संकेतस्थळाचेही तसेच आहे. वाचकाने पान मागितले की ती मागणी स्वीकारणे, हवा तो मजकूर डेटाबेसमधून शोधून काढणे, ठरलेल्या चौकटीत तो ओतणे, आत येणारा माणूस खरोखर सभासद आहे की नाही हे तपासणे, आणि कोणी मुद्दाम वाकडेतिकडे काही लिहून पाठवले तर ते दारातच अडवणे, ही कामे प्रत्येक संकेतस्थळाला करावी लागतात. ती दर वेळी नव्याने न लिहिता एकदाच नीट लिहून ठेवलेली असतात, त्या सांगाड्याला वेब फ्रेमवर्क म्हणतात. हा झाला छापखाना. आणि ज्याला आज्ञावलीतले ओ की ठो कळत नाही अशा संपादकाला किंवा संस्थेच्या चिटणीसाला मजकूर लिहिता, बदलता, काढता यावा म्हणून त्यावर जे टेबल मांडून दिलेले असते ते सीएमएस, म्हणजे मजकूर सांभाळणारी व्यवस्था. वर्डप्रेस, ड्रुपल, जुमला ही त्यांतील प्रसिद्ध नावे.

आता माझा मुख्य आक्षेप. संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. अनेक महाविद्यालयांच्या प्रकल्पांच्या याद्या मी पाहिल्या आहेत. ग्रंथालय व्यवस्था, वसतिगृह व्यवस्था, महाविद्यालयाचे संकेतस्थळ, आणि जरा हुशार गट असेल तर 'स्वतःची सीएमएस'. दर वर्षी नवा गट, दर वर्षी पहिल्यापासून नवे. मागच्या वर्षीच्या गटाने केलेली ग्रंथालय व्यवस्था कोठे गेली, हा प्रश्न तोंडी परीक्षेत कोणी विचारीत नाही. ती एका सीडीत किंवा पेन ड्राइव्हमध्ये विभागाच्या कपाटात पडलेली असते. पुष्कळशा त्या पीएचपी या भाषेत लिहिलेल्या असतात. आता गंमत पाहा. डेटाबेसशी बोलण्याची पीएचपीतील जी जुनी पद्धत कित्येक वर्षे क्लासेसमधून आणि पुस्तकांतून शिकवली जात होती, ती टाकाऊ झाल्याचा इशारा २०१३ सालीच दिला गेला होता, आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून ती समूळ काढून टाकण्यात आली. म्हणजे कपाटातले ते प्रकल्प आजच्या यंत्रावर एक पानही दाखवणार नाहीत. ते जिवंत करणे, हा विद्यार्थ्यांसाठी केवढा मोठा धडा ठरेल! परंतु त्याला गुण नाहीत. नव्याला गुण आहेत.

यावर प्राध्यापक म्हणतील की नवे बांधल्याखेरीज विद्यार्थी शिकणार कसा? प्रश्न रास्त आहे. पण ज्या फ्रेमवर्कांची नावे आज आपण आदराने घेतो ती कशी जन्मली हे पाहावे. जँगो हे पायथॉन भाषेतील फ्रेमवर्क अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या गावी एका वृत्तपत्राच्या कचेरीत तयार झाले. बातमीदारांना सकाळी सांगितलेले पान संध्याकाळपर्यंत हवे असे. ती घाई निभावता निभावता एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी वारंवार लागणारा भाग वेगळा काढला, आणि तो जुलै २००५ मध्ये जगाला मोकळा करून दिला. आपल्या मुंबईचे उदाहरण घ्या. रुषभ मेहता यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उद्योगांचा हिशेब-साठा सांभाळणारी ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली बांधली, आणि तिच्या पोटातून फ्रॅपे हे फ्रेमवर्क निघाले. आज ते कोणालाही फुकट वापरता येते, आणि त्याचा मूळ आराखडा कोणालाही वाचता येतो. या दोन्ही ठिकाणी आधी काम होते, मग सांगाडा. कोणी कोऱ्या कागदावर 'आता आपण फ्रेमवर्क करू' म्हणून बसले नव्हते.

वर्डप्रेसची कथा तर माझ्या बाजूची साक्ष देणारी आहे. आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे ज्यावर चालतात ती ही प्रणाली मुळात नवी नव्हतीच. मिशेल वाल्द्रिगी यांनी लिहिलेला बी-टू नावाचा एक कार्यक्रम होता. त्याची देखभाल थांबली होती. तेव्हा एकोणीस वर्षांचा मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल यांनी तो बेवारस पडू न देता हाती घेतला, आणि २७ मे २००३ रोजी त्याची सुधारलेली आवृत्ती वर्डप्रेस या नावाने काढली. जुमलाही असेच २००५ साली मँबो या आधीच्या प्रणालीतून फुटून निघाले. एखाद्या विद्यार्थ्याने 'बी-टू दुरुस्त करतो' असा प्रकल्प आपल्याकडे मांडला असता तर 'यात तुझे स्वतःचे काय?' असे विचारून त्याला परत पाठवले असते, याबद्दल मला तरी शंका नाही.

असो. आता वडोद्यातील एक हकिगत सांगतो. शहरातील एका जुन्या मराठी संस्थेची ही गोष्ट. नाव सांगत नाही, आणि सांगण्याची गरजही नाही, कारण अशा संस्था बेळगावपासून इंदुरापर्यंत गावोगाव आहेत. एका उत्साही तरुण सभासदाने २०१२ साली तिला ड्रुपल ७ वर संकेतस्थळ करून दिले. एक पैसा घेतला नाही. व्याख्यानमालांचे वृत्तान्त, संस्थेच्या ग्रंथालयातील पुस्तकांची यादी, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे जुन्या सभासदांनी लिहिलेल्या गायकवाडीच्या उत्तरकाळातल्या आठवणी त्यावर चढवल्या गेल्या. या आठवणी कागदावर कोठे छापलेल्या नव्हत्या. कोणी हस्तलिखित आणून दिले, कोणी तोंडी सांगितले आणि त्याने टंकून घेतले. पुढे तो तरुण परदेशी गेला. संकेतस्थळाच्या किल्ल्या, म्हणजे परवलीचे शब्द, त्याच्या एका जुन्या ईमेलवर होत्या आणि ते ईमेल बंद पडले होते.

मला बोलावणे आले ते बऱ्याच वर्षांनी. शोधयंत्रावर संस्थेचे नाव टाकले की खाली परदेशी औषधांच्या जाहिराती दिसत. चिटणीस काका हवालदिल झाले होते. मी त्यांना सांगितले की बाहेरून कोणी आत शिरून हे केले आहे, आणि वेळोवेळी सुधारणा चढवल्या असत्या तर बहुधा हे टळले असते. त्यावर ते म्हणाले, "अहो, पण एकदा केलंय ना ते संकेतस्थळ? मग परत परत कसला खर्च? आमच्या सभागृहाला रंगसुद्धा आम्ही पाच वर्षांनी देतो." काकांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. बांधून देणाऱ्याने इमारतीचा ताबा दिला, पण ती दर आठवड्याला झाडावी लागते हे सांगितले नाही. एका जुन्या डिस्कवर डेटाबेसची एक प्रत मिळाली. तीत वृत्तान्त होते, पुस्तकांची यादी होती. आठवणी निम्म्याच होत्या, आणि छायाचित्रे एकही नव्हते. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांतील काही जण आज हयात नाहीत. त्यांच्याकडे पुन्हा जाऊन 'काका, ते परत सांगा' असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

ड्रुपलविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सुधारणा करणे म्हणजे काय आणि ते लोक का टाळतात, हे त्यावरून चांगले कळते. बेल्जियममधील ड्रीस बायटार्ट या विद्यार्थ्याने २००१ साली ते जगापुढे आणले. त्याची सातवी आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली. ऑक्टोबर २०१४ मध्ये तीत एक घोर दोष सापडला. बाहेरचा माणूस डेटाबेसला वाटेल ती आज्ञा देऊ शकत होता. १५ तारखेला दोष जाहीर झाला आणि त्याच वेळी दुरुस्तीही देण्यात आली. परंतु दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा-मंडळाने जे सांगितले ते वाचून माझ्यासारख्याची झोप उडाली: घोषणेपासून सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती चढवली नसेल त्यांनी आपले संकेतस्थळ परक्याच्या ताब्यात गेले असे समजूनच पुढचे पाऊल टाकावे. सात तास! आपल्याकडे तेव्हा रात्र होती. मानद चिटणीस सोडा, पगारी माणसेही झोपेत होती.

पुढे नोव्हेंबर २०१५ मध्ये आठवी आवृत्ती आली ती सिम्फनी या फ्रेमवर्कच्या पायावर नव्याने उभारलेली. रचनेच्या दृष्टीने ती उत्तम होती यात वाद नाही. पण सातवरून आठवर जाणे ही सुधारणा नव्हती, ते स्थलांतर होते. जुने घर सोडून सामान गाडीत भरून नव्या घरी जाणे. लहान संस्थांनी ते केले नाही. शेवटी सातव्या आवृत्तीचा आधार २०२१ मध्ये थांबवायचा होता तो पुनःपुन्हा लांबवत ५ जानेवारी २०२५ पर्यंत न्यावा लागला. येथे मी फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांनाही दोष देतो. मोठ्या कंपन्यांची सोय डोळ्यांपुढे ठेवून ते पायाच बदलतात, आणि दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांच्या संस्थेने ती धाव गाठावी अशी अपेक्षा करतात. वर्डप्रेसने याबाबतीत अधिक शहाणपण दाखवले असे मला वाटते. जुने मोडायचे नाही हा हट्ट त्यांनी धरला आणि ऑक्टोबर २०१३ पासून लहान दुरुस्त्या आपोआप चढण्याची व्यवस्था केली. त्यामुळे आतला आराखडा ओबडधोबड राहिला, जाणकार नाके मुरडतात, पण चिटणीस काकांची झोप शाबूत राहते. जँगोने तिसरा मार्ग काढला: ठरावीक आवृत्त्यांना तीन वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या देण्याचे आधीच जाहीर वचन. निदान तारीख तर कळते.

आमच्या अकोट्याचे प्राचीन नाव अंकोट्टक. १९५१ च्या सुमारास येथील जमिनीतून जैन मूर्तींचा मोठा ब्राँझचा ठेवा निघाला. उमाकांत शहा यांनी त्याचा अभ्यास करून १९५९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. मंदिर नाहीसे झाले, गाव बदलले, मूर्ती मात्र हजार-दीड हजार वर्षांनी ओळखता येण्याजोग्या निघाल्या. कोणी म्हणेल, मग मजकूरही असाच कोठे तरी पुरून ठेवावा. तसे होत नाही. ब्राँझला वाचण्यासाठी यंत्र लागत नाही. डिस्क दहा वर्षे पुरून ठेवली तरी ती उघडणारी तार दुकानात मिळेनाशी होते. ही वस्तू वापरात ठेवूनच टिकते.

येथवर जे लिहिले ते कोणत्याही भाषेच्या माणसाला लागू आहे. परंतु हा अंक मराठी आणि कन्नड अशा दोन विभागांचा आहे, आणि आता जे सांगतो ते या दोन्ही विभागांच्या वाचकांनी कान देऊन ऐकावे अशी विनंती आहे.

फ्रेमवर्क लिहिणारे बहुतेक लोक रोमन लिपीत विचार करतात. त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो; पण आपली अक्षरे त्यांच्या डोळ्यांपुढे नसतात. प्रत्येक लेखाला संकेतस्थळावर एक पत्ता लागतो आणि तो लेखाच्या मथळ्यावरून आपोआप तयार होतो. वर्डप्रेसमध्ये त्या पत्त्याला दोनशे अक्षरांची जागा राखलेली आहे. इंग्रजीला ती भरपूर झाली. देवनागरीचे एकेक चिन्ह मात्र पत्त्यात लिहिताना नऊ रोमन अक्षरांत फोडून लिहावे लागते. काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हे धरून. दोनशेला नवाने भागा: बावीस चिन्हांत पत्ता संपतो. 'महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त' असा मथळा दिला की पत्ता स्नेहसंमेलनापर्यंत धड पोहोचतच नाही. दोन वर्षांच्या संमेलनांचे पत्ते मग सारखेच होतात आणि यंत्र दुसऱ्याच्या शेपटाला दोनचा आकडा चिकटवते.

जँगोची तऱ्हा निराळी. पत्ता करणारा त्याचा विभाग आरंभी रोमन सोडून सारे गाळूनच टाकी. २०१५ अखेरच्या आवृत्तीत इतर लिप्यांना परवानगी देण्याची सोय आली. सोय आली खरी, पण पायथॉनच्या हिशेबी 'अक्षर' म्हणजे क, ख, ग. काना-मात्रा-वेलांट्या ही अक्षरे नव्हेत. त्यामुळे त्या गळतात. 'मराठी' चे 'मरठ' होते, 'बेळगाव' चे 'बळगव', 'कोल्हापूर' चे 'कलहपर', आणि आमचे 'अकोटा' होते 'अकट'. हसू येते, नाही? पण एखाद्या शाळेच्या संकेतस्थळावर हजार लेखांचे पत्ते असे लिहिले गेले की ते पुढे बदलताही येत नाहीत, कारण बदलले तर जुने दुवे तुटतात. ही चूक शोधायला संगणकशास्त्राचा पंडित लागत नाही. मराठी वाचता येणारा कोणीही दहा सेकंदांत ती दाखवील. फक्त तो तेथे हवा.

याहून सूक्ष्म प्रकार 'ऱ्य' चा आहे. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यांतील अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो. एका रीतीत नुक्ता असलेला वेगळा ऱ वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधायला गेलात तर एक सापडतो, दुसरा सापडत नाही. आणि नको असलेली अदृश्य चिन्हे झाडून टाकणारा एखादा विभाग फ्रेमवर्कमध्ये असला की ते जोडचिन्ह कचरा म्हणून जाते आणि 'दुसऱ्या' चे रफार लागून 'दुसर्या' होते. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर हे रोज दिसते आणि आपण मुद्रितशोधकाला शिव्या घालतो! कन्नडमध्येही 'रँक' सारखा शब्द लिहिताना तेच अदृश्य चिन्ह लागते. ते गेले की तेथेही र उडी मारून पुढच्या अक्षरावर अर्कावत्तु होऊन बसतो. म्हणजे दोन भाषांच्या दोन भिन्न दिसणाऱ्या तक्रारी एकाच ओळीतून निघालेल्या असतात, आणि एकाच दुरुस्तीने मिटू शकतात. 'ॲ' या अक्षराचीही अशीच कथा. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. त्याआधी लिहिलेले पुष्कळ 'ॲ' अ वर अर्धचंद्र ठेवून जुळवलेले आहेत, आणि जुन्या अंकांत 'ॲडमिशन' शोधणाऱ्याला ते हाती लागत नाहीत.

त्याही आधीचा काळ तर भयंकर. श्रीलिपी, कृतिदेव, तिकडे कन्नडला नुडी आणि बरहा. या फाँटांत लिहिलेल्या मजकुराचे गठ्ठेच्या गठ्ठे संस्थांच्या संगणकांवर पडून आहेत. यांतील बऱ्याच फाँटांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसवलेले असे. फाँट गेला की मागे राहते ती अर्थहीन रोमन अक्षरांची रास. जुन्या व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत मजकूर नेताना तो युनिकोडमध्ये आणण्याची संधी असते. ती संधी दर वेळी घाईत दवडली जाते.

सामाईक देखभाल कशी चालते याचा एक चांगला नमुना आपल्या दोन्ही भाषांपाशी आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, आणि कन्नड त्याच वर्षी. दोन्ही मीडियाविकी या एकाच प्रणालीवर चालतात. तिची सुधारणा आठवड्याला होते आणि ती एकदम सर्व भाषांना मिळते. बटणांवरचे शब्द, सूचना, इशारे यांचे भाषांतर स्वयंसेवक एका सामाईक ठिकाणी करतात. त्याला आज्ञावली लिहिता यावी लागत नाही, भाषा यावी लागते. मराठीच्या आणि कन्नडच्या विद्यार्थ्यांनो, हे काम तुमचे आहे, संगणक विभागाचे नव्हे.

वडोद्याच्या ग्रंथालयाचे नाव घेतल्याखेरीज येथला माणूस लेख संपवीत नाही, म्हणून तेही सांगतो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना आणले. त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, वडोद्यासाठी वर्गीकरणाची पद्धत आखली, १९११ साली ग्रंथपालांचा वर्ग काढला, आणि १९१३ साली ते परत गेले. तीन वर्षे! त्यानंतर जी कपाटे भरली, गावोगाव फिरत्या पेट्या गेल्या, नव्या पुस्तकांची नोंद झाली आणि फाटक्यांची बांधणी झाली, ती बोर्डन यांच्या पश्चात. ग्रंथपालांचा वर्ग काढला होता तो याचसाठी. आमच्या तरुण सभासदाने संकेतस्थळ केले तेव्हा असा वर्ग मात्र कोणी काढला नाही.

अलीकडे एक नवा युक्तिवाद कानी येतो. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र सांगितल्यासरशी सीएमएस लिहून देते, मग जुने कशाला सांभाळायचे? टाकावे आणि नवे करावे. यंत्र लिहून देते हे खरे आहे. मीही त्याचा उपयोग करतो. पण नवे लिहिणे स्वस्त झाले म्हणून सांभाळणे स्वस्त होत नाही. उलट सांभाळायच्या वस्तूंची संख्या वाढते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या एका लहानशा सामाईक आज्ञावलीत मुद्दाम घातलेले चोरदार सापडले. तिचा मूळ सांभाळणारा एकटा होता आणि थकला होता. मदतीच्या मिषाने एक जण दोन-तीन वर्षे गोड बोलून आत शिरला. ते चोरदार पकडले आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने; यंत्र अर्धा सेकंद उशीर का करते, एवढ्या एका कुतूहलावरून. असे कुतूहल अंगी यायला दुसऱ्याने लिहिलेले वाचण्याची सवय असावी लागते.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांपैकी निम्म्या गटांना मागच्या वर्षांचे प्रकल्प कपाटातून काढून द्यावेत. आजच्या आवृत्तीवर ते चालते करणे, मजकुराची प्रत काढून ती दुसऱ्या यंत्रावर परत उभी करून दाखवणे, आणि पुढच्या माणसासाठी किल्ल्या कोठे आहेत हे लिहून ठेवणे, या तीन गोष्टींना नव्या प्रकल्पाइतकेच गुण असावेत. हवे तर तोंडी परीक्षा कडक घ्यावी: ही ओळ तुझी नाही, मग ती काय करते ते सांग. स्वतःची ओळ सांगण्यापेक्षा हे अवघड आहे, हे परीक्षकांनाही कळेल.

आणि मराठी व कन्नड विभागांनी मिळून शंभर शब्दांची एक यादी करावी. तीत 'दुसऱ्या' असावा, दोन्ही तऱ्हांचा 'ॲ' असावा, 'ळ' असावा, लांब मथळे असावेत, कन्नडचा 'रँक' असावा. कोणतीही व्यवस्था सुधारली की ही यादी तीतून घालून पाहायची आणि जे मोडेल ते त्या फ्रेमवर्कच्या कर्त्यांना साध्या इंग्रजीत कळवायचे. यादीतील पहिले अठरा शब्द मी संपादकांकडे पाठवले आहेत. कन्नडचे मला लिहिता येत नाहीत. ते त्या विभागाने घालावेत. दिवाळीच्या सुट्टीत मी गावी येणार आहे, तेव्हा विभागातील ते कपाट उघडण्याची परवानगी मिळाली तर दोन दिवस तेथे बसायची माझी तयारी आहे.